नायजर डेल्टा: तेल विकून झालं, घाण कोण उपसणार?

खाडीकाठ (धागालेखक)

मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातला जमिनीवरचा तेलधंदा रेनेसान्स नावाच्या, मुख्यतः नायजेरियन कंपन्यांच्या गटाला विकून टाकला. त्याच्या आदल्या वर्षी एनी आणि एक्झॉनमोबिल यांनीही असेच व्यवहार उरकले होते. नायजर नदीच्या मुखाशी असलेल्या या डेल्टातल्या ओलोइबिरी गावात तेल लागलं १९५६ मध्ये, निर्यात सुरू झाली १९५८ मध्ये. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं तेल उपसून मंडळी निघाली. माझं म्हणणं सरळ आहे. जिथून तेल काढलं तिथलं पिण्याचं पाणी आधी स्वच्छ करायला लावायचं होतं आणि मगच विक्रीला परवानगी द्यायची होती.

ओगोनी हा पोर्ट हारकोर्ट शहराला लागून असलेला जेमतेम हजार चौरस किलोमीटरचा मुलूख. कसावाची शेती, खाड्या, खारफुटी आणि मासेमारी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये या भागाचा अहवाल दिला. ओगाले गावाजवळ लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते, त्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा ९०० पटींहून जास्त निघालं. एका ठिकाणी भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. पाण्याला वास येतो हे लोकांना कळत होतं, तरी तेच पीत होते, कारण दुसरं पाणीच नव्हतं. खाड्यांमध्ये खारफुटीच्या मुळांवर डांबरासारखं पुट बसलेलं, कुठे कुठे एक सेंटिमीटर जाड. त्या मुळांच्या आधाराने मासळीची पिल्लं वाढतात, कालवं धरतात. बायका चिखलात उतरून शिंपले वेचायच्या, तेही गेलं. पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठीच १ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज त्या अहवालात आहे.

हे सगळं जगासमोर मांडणारे लेखक केन सारो-वीवा आणि त्यांचे आठ सहकारी यांना अबाचाच्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फासावर चढवलं. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी त्यांना मरणोत्तर माफी आणि राष्ट्रीय सन्मान दिला. माफी गुन्हेगाराला देतात. त्यांना निर्दोष जाहीर करणं हाच खरा न्याय होता.

हवामान बदलाचा मुद्दा मला यापासून वेगळा काढता येत नाही. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर जाळला जातो. १९८४ पासून परवान्याशिवाय तसं जाळणं बेकायदा आहे. २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. ज्वाळा तरीही चालूच. आणि २०२२ च्या महापुरात डेल्टातलं बायेल्सा राज्य बाकी देशापासून तुटलं. देशभरात ६०० हून जास्त माणसं गेली, सुमारे १४ लाख बेघर झाली. ज्यांच्या परसात वायू जळतो, त्यांच्याच घरात पाणी शिरतं.

रोखठोक

कळकळ पोचली, पण बाजू अर्धीच मांडलीत. शेलचा तो जमिनीवरचा धंदा भागीदारीत होता; त्यात नायजेरियाच्या सरकारी कंपनीचा वाटा ५५ टक्के होता आणि शेलचा ३०. मोठा मालक सरकार, मग जाब एकट्या शेलला का? आणि ओगोनीतलं उत्पादन शेलने १९९३ मध्येच बंद केलं.

तुम्ही ज्या अहवालाचा दाखला देता, त्यातच आहे की बोडो गावाच्या पश्चिमेला २००७ ते २०११ या काळात चोरट्या रिफायनऱ्या वाढल्या आणि १० टक्के निरोगी खारफुटी नष्ट झाली. हा धंदा कसा चालतो? पाइपलाइनला भोक पाडायचं, तेल होडीत भरायचं, झाडीत नेऊन पिंपात उकळायचं, डिझेल निघालं की उरलेला गाळ खाडीत ओतायचा. एप्रिल २०२२ मध्ये इमो आणि रिव्हर्स राज्यांच्या सीमेवर अशाच एका भट्टीचा स्फोट होऊन शंभरावर माणसं जळून मेली. यात गावचे तरुण आहेत, पुढारी आहेत, वर्दीतलेही आहेत असे आरोप आहेत. याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

परदेशस्थ_नाशिककर

मी नोकरीनिमित्त पोर्ट हारकोर्टमध्ये राहिलो आहे, म्हणून लिहितो. २०१६ च्या अखेरीपासून तिथे हवेतून काजळी पडायला लागली. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे. मुलांची नाकं पुसली की रुमालावर काळं. पांढरा शर्ट दोरीवर वाळत घालायची सोय नाही. दारं-खिडक्या लावूनही जेवणाच्या टेबलावर बारीक काळी भुकटी यायचीच. हार्मॅटनच्या दिवसांत, म्हणजे सहाराकडून कोरडा वारा सुटतो तेव्हा, सगळ्यात जास्त त्रास.

रोखठोक म्हणतात ते खरं आहे, या काजळीत चोरट्या भट्ट्यांचा मोठा वाटा आहे. पण पकडलेलं तेल तिथेच पेटवून द्यायची पद्धत सुरक्षा दलांचीच होती. तो धूरसुद्धा शहरावरच यायचा. आणि भट्टीवर राबणारा पोरगा कोण असतो? ज्याच्या बापाची मासेमारी संपली तो. मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्याला चोर म्हणून यादी बंद केली की आधीची वीस-तीस वर्षं हिशेबातून उडतात.

खाडीकाठ

@रोखठोक, बोडोचंच पूर्ण सांगतो. २००८ मध्ये तिथे मुख्य पाइपलाइनला दोन मोठ्या गळती लागल्या. ती चोरी नव्हती, पाइपातलाच दोष होता, आणि कंपनीने जबाबदारी मान्य केली. गाव लंडनच्या कोर्टात जाण्याआधी देऊ केलेली भरपाई होती ४,००० पौंड. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली ५.५ कोटी पौंडांवर. त्यातले ३.५ कोटी सुमारे १५,६०० लोकांत वाटले गेले. खटल्यादरम्यान कंपनीने हेही मान्य केलं की सांडलेल्या तेलाचा आपला आधीचा आकडा कमी होता. कोर्टात गेलेच नसते तर?

विहिरी १९९३ ला बंद झाल्या, पण दुसरीकडचं तेल वाहून नेणारी पाइपलाइन ओगोनीतूनच जात राहिली. ती सांभाळायचं काम शेलच्या उपकंपनीचं होतं. सरकारचा ५५ टक्के वाटा आहे, तर सरकारनेही त्या प्रमाणात पैसे भरावेत, माझी ना नाही. त्याने उरलेल्यांची सुटका होत नाही.

ऊर्जावंत

मूळ मुद्द्याशीच असहमत. जगाच्या लोकसंख्येतले साधारण १८ टक्के लोक आफ्रिकेत राहतात आणि कार्बन उत्सर्जनात त्या खंडाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी. नायजेरियाचं परकीय चलन मुख्यतः तेलातून येतं. दवाखाने, रस्ते, शिक्षकांचे पगार, सगळं त्यावर. २०२२ मध्ये रशियाचा वायू अडचणीत आल्यावर युरोप आफ्रिकेच्याच दारात वायू मागायला उभा राहिला. आपल्या सरकारी तेलकंपन्याही वर्षानुवर्षं नायजेरियाचं कच्चं तेल घेत आल्या आहेत, तेव्हा मुंबईत गाडी चालवणाऱ्यानेही हात झटकू नयेत.

परक्या कंपनीकडून धंदा स्थानिक कंपन्यांकडे आला, ही मला चांगली गोष्ट वाटते. स्थानिक मालकाला गावात तोंड दाखवावं लागतं. तुमची ‘आधी सफाई, मग विक्री’ ही अट लावली असती तर व्यवहार तीस वर्षं अडकला असता आणि जुन्या पाइपांकडे कोणीच बघितलं नसतं.

पाणलोट

पुराबद्दल दोन शब्द. २०२२ च्या पुराचं खापर बहुतेक जण कॅमेरूनच्या लाग्दो धरणावर फोडतात. धरणातून पाणी सोडलं हे खरं. ते झेलायला नायजेरियात दासिन हौसा इथे धरण व्हायचं होतं, ते झालंच नाही, हेही खरं. पण हवामानशास्त्रज्ञांच्या गटाने त्या वर्षीच्या पावसाची तपासणी केली तेव्हा हवामान बदलामुळे चाड सरोवराच्या खोऱ्यातला तो हंगामी पाऊस सुमारे ८० पट आणि नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातला थोड्या दिवसांचा मुसळधार पाऊस सुमारे दुप्पट संभवनीय झाल्याचं दिसलं. लाग्दोचं पाणी बेन्वे नदीतून येतं, बाकीचा पाऊस सगळीकडे पडला होता.

डेल्टात कसावा जमिनीखाली कंदात असतो. पाणी आठवडाभर साचलं की कंद सडतो, म्हणून लोक पूर यायच्या आत कोवळाच उपटतात आणि मिळेल त्या भावाला विकतात. पुढच्या वर्षीचं बेणंही त्यात जातं. तेल सांडलेल्या भागात पूर आला की खाडीतला तवंग शेतात चढतो. अशा शेताला कुठल्या खात्याची भरपाई मिळणार, पूरग्रस्तांची की तेलग्रस्तांची?

रोखठोक

@पाणलोट, पावसाचं मान्य. पण धरण न बांधणं आणि पूररेषेत घरं होऊ देणं याचा दोष हवामानावर ढकलला की राजधानी अबुजातले मंत्री खूश होतात. तिथल्या राज्यकर्त्यांना ‘आम्ही बिचारे’ म्हणायची सवय लागली आहे, आणि असे लेख ती पोसतात. सफाईसाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणेचंच बघा. अहवाल २०११ चा आणि प्रत्यक्ष काम उभं राहायला २०१९ उजाडलं. पैसा होता, इच्छा नव्हती. अर्थात आता काही गावांत तिने नळाचं पाणी पोचवलं आहे आणि खारफुटीची लागवडही चालू आहे. हे काम नायजेरियनांनीच केलंय, लंडनच्या वकिलांनी नाही.

खाडीकाठ

नळ आले ते चांगलंच झालं. पण कंपन्यांचा पैसा नसता तर ते कुठून आले असते?

@ऊर्जावंत, स्थानिक मालकीला माझा विरोध नाही. नव्या मालकाच्या गळ्यात जुनी देणी घालून जुना मालक बाहेर पडतो, त्याला आहे. तुमची तीस वर्षांची अडचण खरी, पण त्यावर उपाय होता: सफाईचा आणि जुन्या विहिरी बुजवण्याचा अंदाजित खर्च विक्रीच्या रकमेतून वेगळ्या खात्यात ठेवायचा, गावांचे प्रतिनिधी त्यावर बसवायचे. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ओगाले आणि बिले यांच्या दाव्यात म्हटलं की सांडलेलं तेल साफ न करणं हा चालू राहणारा भंग ठरू शकतो, आणि पाइपलाइनचं रक्षण न केल्यामुळे चोरीतून झालेल्या नुकसानीबद्दलही कंपनीला जाब विचारता येऊ शकतो. मुख्य सुनावणी अजून बाकी आहे. ही दोन गावं २०१५ पासून त्या कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत.

परदेशस्थ_नाशिककर

आता सरकारने ओगोनीत पुन्हा तेल काढायची बोलणी सुरू केली आहेत. ऊर्जावंत, तुमचं मत काय? आधी काय व्हावं?

ऊर्जावंत

तेल काढावं, आणि लगेच. मात्र उत्पन्नातला ठरावीक हिस्सा थेट ओगोनीच्या खात्यात जावा, अबुजामार्गे नको. जाळला जाणारा वायू सिलिंडरमध्ये भरून तिथल्याच बायकांच्या चुलीपर्यंत पोचवण्याची अट परवान्यात घाला. आज त्या बायका लाकडं जाळून स्वयंपाक करतात, आणि आकाशात ज्वाळा.

खाडीकाठ

दोन्ही अटी मान्य. ‘लगेच’ मान्य नाही. ओगालेच्या प्रत्येक घराला पिण्याचं पाणी मिळेपर्यंत एकही नवी विहीर खोदू नये.