पिकविमा म्हणजे कोकिळेचा विमा

पाट्यांवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्थच बदलतो. ‘शिक्षक दिन’ऐवजी ‘शिक्षक दीन’ लिहिलेल्या फलकाने गुरुजींना बिचारे करून टाकलं, कारण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे बिचारा. त्यात अशाच आणखी दोन शब्दांची भर घालतो. ‘पिक’ म्हणजे कोकिळ. त्यामुळे ‘पिकविमा अर्ज येथे भरून मिळतील’ या पाटीवर खरा हक्क कोकिळेचा. शेतकऱ्याला हवा तो पीकविमा. आणि ‘सुत’ म्हणजे मुलगा, म्हणून ‘सुतगिरणी’त आत काय पिंजतात हे विचारायलाही भीती वाटते!

चूक होते ती विभक्तीमुळे. पीक, सूत यांतले उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचे, वेलांटी-उकार मुळात दीर्घ. पण पिकाचा, सुताचा असं सामान्यरूप झालं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलला, की ते ऱ्हस्व होतात. रंगाऱ्याच्या हाताला तेच रूप बसलेलं असतं. समासात मात्र पहिलं पद मूळ रूपातच राहतं : पीकपाणी, सूतगिरणी.

तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचं गणित वेगळं. ‘दिन’ संस्कृतातून ऱ्हस्वच आलाय, तो तसाच ठेवायचा. ‘दीन’ही तत्सम, म्हणून ‘दीनांचा’ लिहितानाही दीर्घच.

पाटी रंगवायला देण्याआधी प्रत्यय काढून नुसता शब्द लिहून पाहावा. शंका वाटलीच, तर शब्दकोशात दोन्ही रूपं शोधून अर्थ पाहावेत, कारण दोन्ही सापडतात, पण वेगवेगळ्या अर्थांनी, आणि घोटाळा तिथेच आहे.