अनुभव धागा: न्यू ऑर्लिन्समधलं फ्रेंचपण

लुइझियानाची_लेक

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू ऑर्लिन्सला आलो असं सांगितलं की समोरून दोन प्रश्न ठरलेले. 'तिकडे पूर येतात ना?' आणि 'तिकडे फ्रेंच बोलतात का?' पहिल्याचं उत्तर बातम्यांत वाचलंच असेल. दुसऱ्याचं एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. 1718 मध्ये बियाँव्हिल नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं मिसिसिपीच्या वळणावर हे गाव वसवलं. 1762 च्या गुप्त तहात फ्रान्सनं ते स्पेनला देऊन टाकलं, पुढे परत घेतलं आणि 1803 मध्ये नेपोलियननं अख्खा लुइझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. मधल्या स्पॅनिश काळात, 1788 आणि 1794 साली, दोन मोठ्या आगी लागल्या आणि जुनं फ्रेंच गाव बहुतेक जळून गेलं. फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातल्या ज्या कमानी आणि आतल्या चौकांपुढे आपण फोटो काढतो, त्यांची धाटणी बरीचशी स्पॅनिश आहे. खरं फ्रेंच काळातलं म्हणून दाखवायला चार्ट्र स्ट्रीटवरचा उर्सुलाइन जोगिणींचा मठ उरलाय. तेव्हा इथलं फ्रेंचपण भिंतींपेक्षा ताटात आणि पंचांगात शोधावं, असं माझं मत झालंय.

इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी, आसपासच्यांनी लिहा. पॅरिसच्या सहलींसाठी वेगळे धागे आहेत, ते इथे नकोत :)

माटुंगेकर

सुरुवात कॉफीनंच करायला हवी. डिकेटर स्ट्रीटवरचं कॅफे द्यु मॉन्द 1862 पासून आहे. मागवायचं काय याचा विचारच करावा लागत नाही: कॅफे ओ ले, म्हणजे दुधाची कॉफी, आणि बेन्ये, म्हणजे तळलेले पिठाचे तुकडे. एका बशीत तीन चौकोनी गरम बेन्ये, वर पिठीसाखरेचा डोंगर. काळा शर्ट घालून जाऊ नये आणि घास तोंडाजवळ असताना हसू नये. पांढरे झालेले लोक शेजारच्या टेबलांवर दिसतातच.

ती कॉफी मला पहिल्या घोटातच ओळखीची लागली, कारण तिच्यात चिकोरी असते. आमच्या माटुंग्यात कॉफी पूड घेताना दुकानदार 'चिकोरी किती टक्के?' विचारतो, तीच ही. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये कॉफीचा तुटवडा झाला आणि लोक चिकोरीच्या भाजलेल्या मुळांकडे वळले. इथे यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली तेव्हा ही जुनी युक्ती कामी आली. युद्ध संपलं, कॉफी मुबलक झाली, पण जिभेला लागलेली चव सुटली नाही. ह्यूस्टनमधले आमचे तमिळ शेजारी याच कॅफेचा पिवळा डबा आणून पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन काढतात.

तिखटमीठ

गंबोबद्दल, म्हणजे इथल्या दाट रश्श्याबद्दल, लिहिल्याशिवाय राहवणार नाही. लांब होईल, आधीच सांगते.

आमच्या गल्लीतल्या क्रिओल (इथल्या जुन्या फ्रेंच-स्पॅनिश-आफ्रिकी मिश्र समाजातल्या) आजींनी मला गंबो शिकवला. त्यांचं पहिलं वाक्य: 'फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ये.' मग जाड बुडाचं बिडाचं भांडं चढवलं. त्यात तेल आणि तेवढाच मैदा. आता सपाट टोकाच्या लाकडी उलथण्यानं तळ खरवडत ढवळायचं, थांबायचं नाही. याला रू म्हणतात. बेसनाच्या लाडवासाठी पीठ भाजताना आपण रंगापेक्षा वासावर जातो, तस्संच इथेही. आधी कच्च्या कणकेचा वास, मग भाजलेल्या शेंगदाण्याचा, मग कॉफीच्या जवळ जाणारा. रंग आधी बदामी, मग तांब्याच्या जुन्या पैशासारखा, शेवटी चॉकलेटचा. मंद आचेवर पाऊण तास सहज जातो. काळे ठिपके दिसले की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून, त्यात तडजोड नाही.

हवा तो रंग आला की बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची एकदम आत. फस्स करून आवाज होतो आणि भाजणं तिथेच थांबतं. या तिघांना इकडे 'होली ट्रिनिटी' म्हणतात. मग लसूण, कोंबडीचा रस्सा, अँदुई नावाचं धुरावलेलं सॉसेज आणि कोळंबी अगदी शेवटी. दाटपणासाठी भेंडी घालायची तर आजी ती वेगळ्या तव्यावर तार जाईपर्यंत परततात. भेंडी नसेल तर फिले, म्हणजे ससाफ्रसच्या सुकवलेल्या पानांची पूड. ती भांडं उतरवल्यावरच घालायची, उकळली तर दोरे सुटतात.

आता हिशोब करा. रू फ्रेंचांचा, पण फ्रान्समध्ये तो लोण्यात करतात आणि एवढा काळा होऊ देत नाहीत. भेंडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली आणि 'गंबो' हे नावही तिकडच्याच भाषांमधलं भेंडीचं नाव. फिले चॉक्टॉ आदिवासींची. मुळात इथे भात पिकवायचं ज्ञानही सेनेगांबियाकडच्या लोकांनीच आणलं. त्यामुळे हॉटेलांच्या पाट्यांवर 'फ्रेंच पाककला' वाचलं की मी आजींकडे बघते. त्या म्हणतात, 'लिहू दे. ढवळलं कोणी ते आम्हाला माहितीय.'

सोमवारचा_राजमा

विद्यार्थीदशेतला अनुभव. इथे सोमवारी घराघरांत आणि हॉटेलांत लाल बीन्स आणि भात. पूर्वी सोमवार कपडे धुण्याचा दिवस, म्हणून रविवारच्या मांसाचं हाड टाकून बीन्स दिवसभर मंद आचेवर सोडून द्यायचे. जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग इथलाच, तो पत्रांखाली सहीच 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' अशी करायचा. आम्ही चार मराठी पोरं हाडाच्या जागी कांदा-लसूण वाढवून तेच करायचो आणि घरी फोनवर सांगायचो की राजमा केलाय.

काकाकुवा

वाचतोय. पण शाकाहारी माणसानं तिथे नुसत्या बेन्येवर जगायचं का? गंबोत काही पर्याय?

बार्देशकार

मी लफाएतला असतो, न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेला दोन-अडीच तासांवर. हा केजन मुलूख. 1755 पासून इंग्रजांनी कॅनडातल्या अकेडियामधून ज्या फ्रेंच शेतकऱ्यांना हाकलून लावलं, त्यांतले बरेच फिरत फिरत शेवटी इथल्या दलदलीत आणि माळरानावर येऊन राहिले. केजन म्हणजे त्यांचेच वंशज.

मी मूळचा म्हापशाचा, त्यामुळे मार्डी ग्रा म्हणजे आमचा इंत्रुज हे डोक्यात लगेच बसलं. दोन्हीकडे तोच चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आदला मंगळवार. पण पणजीत चित्ररथ असतात आणि न्यू ऑर्लिन्सलाही, तसं इथल्या खेड्यांत नसतं. मामू, युनिस या गावांत सकाळी माणसं चिंध्यांचे झगे, जाळीचे मुखवटे आणि टोकदार उंच टोप्या घालून घोड्यांवर निघतात. पुढे कॅपितेन, त्याला मुखवटा नाही, हातात पांढरं निशाण. तो एकेका घरापुढे जाऊन आत येऊ का विचारतो. हो म्हटलं की सगळे अंगणात उतरून नाचतात, गातात, गंबोसाठी भीक मागतात. कोणी तांदूळ देतो, कोणी सॉसेज. आणि एखादा घरमालक छपरावर चढून जिवंत कोंबडी हवेत सोडतो. मग ती पळापळ! माझ्यासमोर एक आडदांड इसम चिखलात आडवा झाला, कोंबडी त्याच्या पाठीवरून गेली आणि शेवटी ती दहा-बारा वर्षांच्या एका मुलीनं धरली. संध्याकाळी सगळ्यांना गंबो. इकडे त्यात बटाट्याच्या सॅलडचा गोळा सोडतात. हसू नका, खाऊन बघा.

एप्रिलमध्ये आलात तर लफाएतला फेस्टिव्हल इंतरनास्योनाल असतो. भर रस्त्यात, फुकट. क्वेबेक, सेनेगल, हैती, जिथे जिथे फ्रेंच पोचली तिथले बँड येतात. आणि घरचा झायडेको आहेच: अ‍ॅकॉर्डियन, आणि छातीवर अडकवलेला पन्हाळी पत्रा, जो बाटली उघडायच्या चावीनं खरवडून वाजवतात.

दोन_दप्तरं

आमची मुलगी इथल्या फ्रेंच माध्यमाच्या सार्वजनिक शाळेत जाते. फी नाही. गणितसुद्धा फ्रेंचमध्ये. वर्गशिक्षिका बेल्जियमच्या.

बार्देशकारांनी लिहिलेल्या भागातलीच आमच्या ओळखीची एक ऐंशीच्या पुढची बाई आहे. तिला घरी फक्त फ्रेंच येत होती. राज्याच्या 1921 च्या घटनेनं शाळा इंग्रजीत चालवायचं ठरवलं होतं. शाळेत फ्रेंच बोलताना सापडली की फळ्यावर 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असं पुन्हा पुन्हा लिहायला लावत. म्हणून तिनं स्वतःच्या मुलांना एक शब्द शिकवला नाही. 1968 मध्ये राज्यानं फ्रेंच जपण्यासाठी कोडोफिल नावाची संस्था काढली आणि बाहेरच्या देशांतून शिक्षक आणायला सुरुवात केली, पण मधली एक पिढी कोरी राहिली ती राहिलीच. आमची लेक या आजीशी बोलते तेव्हा आजीची मुलं बाजूला बसून ऐकतात. त्यांना कळत नाही. मला हे बघताना आनंदही होतो आणि राग पण येतो, दोन्ही.

दस्तऐवज

खाण्याबाहेरचं एक. इथे जिल्ह्याला काउंटी नाही, पॅरिश म्हणतात. दिवाणी कायदा बाकी अमेरिकेसारखा इंग्रजी वळणाचा नाही, फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा. घर घेताना नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा माणूस समजून गेलो तर समोर खरेदीखत स्वतः तयार करणारा, खडान्‌खडा माहिती असलेला गृहस्थ. मृत्युपत्र दुसऱ्या राज्यात केलेलं असेल तर इथे आल्यावर वकिलाला दाखवून घ्या.

साखरपेरणी

6 जानेवारी! ख्रिस्ती पंचांगात तीन राजांचा सण, आणि त्याच दिवशी जोन ऑफ आर्कचा वाढदिवस मानतात. ती फ्रेंच वीरांगना, 'ऑर्लेआंची कन्या', म्हणून गावाची मानसकन्या. फ्रेंच क्वार्टरमध्ये तिचा घोड्यावरचा सोनेरी पुतळा आहे, आणि त्या रात्री चिलखतं, तलवारी, खऱ्या घोड्यावरची जोन अशी मिरवणूक निघते.

त्या दिवसापासून मार्डी ग्रापर्यंत किंग केक. फ्रान्समधला गालेत म्हणजे आत बदामाचं सारण असलेली पापुद्र्यांची गोल चकती. इथला म्हणजे ब्रेडच्या पिठाचं कडं, वर जांभळी-हिरवी-सोनेरी साखर. आत प्लास्टिकचं बाळ, ते ज्याला मिळेल त्यानं पुढचा केक आणायचा. ऑफिसात हे फेब्रुवारीपर्यंत संपत नाही. 6 जानेवारीच्या आधी किंग केक खाणाऱ्याकडे इथले लोक कसे बघतात ते एकदा अनुभवा.

माझा आवडता केक गावाच्या पूर्व टोकाच्या व्हिएतनामी बेकरीतला. 1975 नंतर व्हिएतनाममधून पळून आलेली कॅथलिक कुटुंबं तिथे वसली. त्या वस्तीला लोक 'व्हर्साय' म्हणतात, तिथल्या एका इमारतसमूहाच्या नावावरून. फ्रेंच राजवटीत शिकलेला पाव ते बरोबर घेऊन आले. शनिवारी पहाटे तिथे बाजार भरतो, आज्या परसातल्या पालेभाज्या मांडून बसतात. अळवाच्या जातीचे देठ मला तिथेच मिळाले.

तिखटमीठ

@काकाकुवा, आहे ना. गंबो झेर्ब, म्हणजे पाल्यांचा गंबो. मूळ उपवासाच्या काळातला, बिनमांसाचा. पण आता बहुतेक ठिकाणी मांस घालतात, त्यामुळे हॉटेलात विचारल्याशिवाय मागवू नका. इथल्या प्रसिद्ध क्रिओल स्वयंपाकी लिआ चेस (1923–2019) यांनी तो ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्या हॉटेलात वाढायची प्रथाच पाडली, तोही मांस घातलेलाच.

घरी करायचा तर पालक, मोहरीचा पाला, सलगमचा पाला, कोलार्ड, बीट आणि गाजराचा पाला, कोबीची बाहेरची पानं. पाल्यांची संख्या विषम हवी आणि जितके पाले तितके नवे मित्र मिळतात असं म्हणतात. सगळे एकत्र उकडा, पाणी ठेवा, पाला बारीक करा. रू वर लिहिलाय तसाच, ट्रिनिटी तशीच, रश्श्याऐवजी ते पाल्याचं पाणी. मुळ्याचा पाला आणि राजगिरा चालतो. आंबट चुका नको. प्रमाणासकट कृती उद्या पाककृती विभागात टाकते.