सल्ला हवा: मराठी-गुजराती ग्रंथसूचीच्या जुन्या फायली यूटीएफ-८ मध्ये कशा आणाव्यात?

दांडियाबाजारकर
नमस्कार. बडोद्यातील आमच्या छोट्या वाचनालयाची ग्रंथसूची ४०० टेक्स्ट फायलींत विखुरलेली आहे. मराठी नावे देवनागरीत आहेत, गुजराती नावे गुजराती लिपीत. लिनक्सवर ‘ग्रेप’ या शोधाच्या आज्ञेने शोधले असता काही फायलींत डोळ्यांसमोरचा शब्दही सापडत नाही. फायली यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात आणण्यासाठी ‘आयकॉन्व्ह’ ही संकेत बदलणारी आज्ञा चालवून निकाल त्याच नावाच्या फाईलीत वळवला, तर ती रिकामीच झाली. सुदैवाने प्रत होती.

रात्रपाळी
निकाल वळवण्याचे चिन्ह दिसताच शेल (आपल्या आज्ञा चालवणारी प्रणाली) आधी ती फाईल रिकामी करते, आणि ‘आयकॉन्व्ह’ला वाचायला काही उरतच नाही. म्हणून निकाल नेहमी वेगळ्या फोल्डरात ठेवावा. ‘एक्सएक्सडी’ या फाईलीतले बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने सुरुवातीचे दोन बाइट पाहावेत, ते ‘एफएफ एफई’ असतील, तर फाईल यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतात आहे, कारण जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून जतन करणे म्हणजे हेच असे. ‘आयकॉन्व्ह’च्या ‘एफ’ पर्यायात, म्हणजे मूळ संकेत म्हणून, नुसते यूटीएफ-१६ द्यावे. त्याला ‘एलई’ जोडल्यास त्या दोन बाइटांचे आरंभीचे अदृश्य चिन्ह नव्या फाईलीतही राहते आणि पहिल्या ओळीचा शोध फसतो. देवनागरी व गुजराती अक्षराला यूटीएफ-८ मध्ये दोनऐवजी तीन बाइट लागतात, त्यामुळे फाईल फुगली तरी घाबरू नये.

दांडियाबाजारकर
बहुतेक फायली सुधारल्या, आभारी आहे. मात्र काहींत बहुतेक मराठी अक्षरांच्या जागी मात्रा असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचे गोल चिन्ह येते. त्या यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या जुन्या संकेत-तक्त्यात उलट फिरवायला गेलो, तर आज्ञा ‘महाराष्ट्र’च्या पहिल्या जोडाक्षरापाशीच अडते.

जुनाकळफलक
ती अडणारच. या फायली मूळच्या यूटीएफ-८, पण कोणीतरी त्या विंडोज-१२५२ समजून उघडल्या आणि पुन्हा यूटीएफ-८ म्हणून जतन केल्या. त्या तक्त्यात पाच बाइटांना अक्षरच नेमलेले नाही, आणि ‘८डी’ हा त्यांपैकी एक नेमका आपल्या हलन्ताचा (पाय मोडण्याच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट आहे, देवनागरीतही आणि गुजरातीतही. ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ यांचेही तेच होते. ‘आयकॉन्व्ह’चा ‘सी’ पर्याय लावून पुढे जाण्याचा मोह टाळावा. तो न जमणारे बाइट मुकाट्याने गाळतो आणि हलन्ताचे तुटके तुकडे मागे उरतात. पायथॉनचे ‘एफटीएफवाय’ हे असा बिघडलेला मजकूर सुधारणारे साधन टर्मिनलवरूनच चालते आणि हे पाच बाइट सांभाळून घेते.

दांडियाबाजारकर
एका फाईलीवर चालवून पाहिले. ‘महाराष्ट्र’ आणि ‘ગ્રંથ’ दोन्ही अखंड आले. बाकीच्या आज रात्री, वेगळ्या फोल्डरात.