वसंताच्या तोंडावर बर्फाळ डोंगर आणि जंगल: लेन्स, फिल्टर, वेळ सुचवा

पायवाट:
थंडी सरताना डोंगरात जायचं ठरतंय. वर शिखरांवर भरपूर बर्फ, खाली जंगलात अर्धामुर्धा वितळलेला. माझ्याकडे १६-३५ एमएम (वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी) आणि ७०-२०० एमएम (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे. दोन्ही वाहून न्यायच्या का? पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का? बर्फ फोटोत राखाडी येतो म्हणतात, त्याचं काय करायचं?

ऊनसावली:
राखाडीचं आधी सांगतो. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचंच असणार असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. फ्रेमभर बर्फ आला की तो आपणहून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ने सुरुवात करा, लख्ख उन्हात +१.७ पर्यंत जा. स्क्रीनवर विसंबू नका, त्या लखलखाटात ती काळवंडलेलीच दिसते. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, उजव्या भिंतीला आपटू देऊ नका. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो निळा येतो. व्हाइट बॅलन्सने (रंगछटा सुधारणाऱ्या सेटिंगने) ती निळाई पार धुऊन काढू नका. फोटोतली थंडीच निघून जाते.

ओलीमाती:
७०-२०० न्याच! वाइडमध्ये जंगल म्हणजे नुसता काटक्यांचा पसारा. लांब लेन्सने चार खोडं वेगळी काढता येतात.

आणि अर्धवट वितळलेल्या बर्फाला नावं ठेवू नका, या दिवसांत खरी मजा तिथेच आहे. गडद खोड ऊन शोषून तापतं, त्यामुळे त्याच्या भोवतालचा बर्फ आधी वितळतो आणि बुंध्याशी गोल खळगा पडतो. वाकून बघा: तळाशी गेल्या हंगामातली काळपट भिजकी पानं, काठावर काचेसारखा पातळ पापुद्रा. भूर्जाच्या कोवळ्या फांद्यांना तांबूस-जांभळी झाक असते, ती ढगाळ उजेडात छान उठते. त्यामुळे आभाळ भरलं म्हणून खोलीत बसू नका.

पोलरायझर हवाच, पण आकाशासाठी नाही. १६ एमएमवर तो निळ्या आभाळात एकीकडे गडद डाग पाडतो. ओली खोडं आणि ओढ्यातले दगड यांची चकाकी मारायला वापरा.

पायवाट:
वा, पोलरायझर घेतो. दिवसभर फिरायचं की ठरावीक वेळी?

कडेकपारी:
पहाटे! रात्री गोठलेला बर्फ सकाळी टणक असतो, चालायला सोपं. दुपारी तोच मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, ट्रायपॉडही खचतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बर्फाचा पोत दिसतो, माथ्यावरच्या उन्हात सगळं सपाट. उन्हाकडे तोंड असलेले तीव्र उतार दुपारपर्यंत हिमस्खलनाच्या दृष्टीने धोक्याचे होतात. तिथला त्या दिवसाचा हिमस्खलन इशारा बघितल्याशिवाय निघू नका, फोटो गेला खड्ड्यात.

अजून एक, फ्रेम ठरेपर्यंत समोर पाऊल टाकू नका. आपलेच ठसे नंतर पुसता येत नाहीत. (येतात, पण तासभर संगणकापुढे बसून.)

ऊनसावली:
कडेकपारींशी सहमत. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, गारठ्यात त्या भराभर उतरतात. आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. बाष्प पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते.