आपली ती निवांत जागा आता कशी आहे?

या धाग्याला निमित्त झालं गेल्या डिसेंबरातलं. १३ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव बघायला आम्ही चौघं उजनीच्या बॅकवॉटरला गेलो होतो. आपल्या सोलापूरला जवळ ना डोंगर, ना समुद्र. आहे तो उघडा माळ, आणि १९८० साली उजनी धरण पुरं झाल्यापासून भीमेचं लांबवर पसरलेलं पाणी. पण थंडीतलं कोरडं, स्वच्छ आभाळ आपल्याकडे आहे. त्यासाठी मी २००९ पासून दरवर्षी त्याच काठावर जातो. पहिल्या वर्षी आम्ही दोघंच होतो. सतरंजी, दोन सोलापुरी चादरी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एवढंच सामान. पहाटे तीनपर्यंत जागलो. उल्का मोजायच्या ठरवल्या होत्या, दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

यंदा तिथे चाळीसच्या वर तंबू होते. प्रत्येक तंबूवर दिव्यांच्या माळा, दोन ठिकाणी स्पीकर, मधोमध मोठी शेकोटी. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या बॅटरीच्या झोताने ते सगळं पुसलं जातं. रात्रभरात मला अकरा उल्का दिसल्या. शेजारच्या तंबूतली सात-आठ वर्षांची मुलगी बाबांना विचारत होती, "तारे कधी पडणार?" बाबा तिला वर बघ म्हणत होते, आणि वर बघायला त्या उजेडात काही उरलंच नव्हतं. मला माझ्यापेक्षा तिचं जास्त वाईट वाटलं.

तुम्हीही अशी एखादी जागा बदलताना पाहिली असेल. काय पाहिलंत ते लिहा. तुमचं मत माझ्यासारखं नसलं तरी लिहा. फक्त जागेचा नेमका ठावठिकाणा देऊ नका.

सोलापूर, पक्षीनिरीक्षक

उजनीचंच लिहितो. सगळ्यांना रोहित पक्षी माहीत आहेत. थंडीत येतात, पाणी ओसरून उथळ झालं की उलटी चोच चिखलात घालून चरतात. त्यांच्या थव्यावर बोट नेऊन त्यांना मुद्दाम उडवायचं आणि गुलाबी पंखांचा फोटो घ्यायचा, हा प्रकार मी कितीदा तरी पाहिलाय. हल्ली ड्रोनने उडवतात. चरायच्या वेळेत पाच-पाच वेळा उठलेला पक्षी पोटभर कधी खाणार?

पण रोहित निदान उडून दुसरीकडे जातो. नदी सुरयाचं तसं नाही. मार्च ते मे या काळात पाणी उतरलं की जी बेटं उघडी पडतात, त्यांवर हे पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. दोन फुटांवरून दिसत नाहीत. ४२ अंशांच्या उन्हात मादी-नर आळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभे राहतात. माणूस जवळ आला की ते उठतात आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात. लोकांना वाटतं, काय सुंदर पक्षी आपल्याभोवती फिरतायत! तेवढ्यात खाली अंडी तापत असतात.

तीन वर्षांपूर्वी एका बेटावर मी बावीस घरटी मोजली होती. पुढच्या वर्षी त्याच बेटावर चुलीचे दगड, कोंबडीची हाडं आणि त्या हाडांच्या वासाने उथळ पाण्यातून आलेली कुत्री होती. घरटं एकही नाही. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो.

करमाळा तालुका, शेतकरी

आमी धरणग्रस्त. जुनं गाव पाण्याखाली हाय. आज्ज्यानं घराचे वासे उतरवून बैलगाडीतनं वर आणले, ते वासे अजून आमच्या गोठ्याला हायेत. पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडती तिला आमी गाळपेर म्हणतो. दरवर्षी अर्ज करून ती कसायला घ्यायची. कुणी कडवळ, म्हंजी वैरणीची ज्वारी, करतंय, कुणी मका, कुणी कलिंगड. गाळाची जमीन, पीक जोरात येतंय. दावणीला चार म्हशी हायेत, त्यांचा उन्हाळा त्याच वैरणीवर निघतोय.

शहरातनं येणाऱ्या मंडळींना ती मोकळी जागा वाटती. कुंपण न्हाय, बांध न्हाय, सरळ पाण्यापर्यंत हिरवंगार. मग गाडी घालत्यात आत. मागच्या फेब्रुवारीत एका रात्रीत सहा गाड्या माझ्या कडवळातनं गेल्या. सकाळी बोलायला गेलो तर म्हणाले, काका, जमीन सरकारची हाय की. खरं हाय, जमीन सरकारचीच. पण बी माझं, नांगरट माझी, आन त्याच्या आधी ती बापजाद्याची होती.

त्याहून मोठा तरास बाटल्यांचा. काठावर फुटलेली काच पावसाळ्यात पाण्याखाली जाती, तिच्यावर गाळ बसतोय. पुढल्या वर्षी पाणी उतरलं की वरनं काय दिसत न्हाय. म्हशीच्या खुरात काच घुसली की ती पंधरा दिवस उभी राहत न्हाय. माझ्या थोरल्या पोराच्या टाचेला सात टाके पडले. जूनच्या आत काठ साफ केला तरच उपेग, एकदा पाणी चढलं की वर्षभर कायसुदिक करता येत न्हाय. तुमी लोक दिवाळीनंतर येऊन सफाई करता, चांगलं हाय, पण तवा अर्धी घाण पाण्यात असती.

आन बोटीचं. मे २०२४ ला कुगाव-कळाशीच्या मधी वादळात बोट उलटली, सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारं कधी उठंल ह्याचा नेम न्हाय. काठावर उभं राहिलं की पाणी तळ्यासारखं दिसतंय, मधी गेल्यावर कळतंय. लाईफ जॅकेट नसंल तर बसू नका, कुणी कितीबी आग्रह करू द्या.

मंगळुरू, मूळची विजापूर रोडची

माझा अनुभव समुद्राचा आहे, पण दुखणं तेच. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा मला पोहणंसुद्धा धड येत नव्हतं. सोलापूरच्या मुलीला पाण्याची सवय ती नळाला चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची! मुळकीला शांभवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे २०१४ साली सर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवरून घसरत जाणं, शिकले. तेव्हा सकाळी साडेसहाला पाण्यात आम्ही पाच जण असायचो. लाट आली की एकमेकांकडे बघायचं, कुणीतरी मान हलवायचं, तो जायचा. बाकीचे बोर्डवर बसून त्याला बघायचे.

सर्फिंगचा नियम सोपा आहे. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाला जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. दुसऱ्याने त्याच्या वाटेत उतरायचं नाही. पाच जणांत हा नियम न बोलता पाळला जातो. तीस जणांत, त्यातही वीस जण पहिल्यांदाच बोर्डवर पोटावर झोपलेले असताना, तो कुणाला ठाऊकच नसतो. जवळच्याच ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धा व्हायला लागल्या, टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आलं, रील्स आली. माणसं वाढणारच होती. लाटा मात्र तेवढ्याच राहिल्या, शिवाय नवशिक्यांना झेपेल असा समुद्र पावसाळा संपल्यापासून मेपर्यंतच मिळतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्यासमोर उतरला, पडला, आणि त्याचा सुटलेला बोर्ड माझ्या पोटरीवर आला. बोर्डाखालचं फिन सुरीसारखं लागतं. नऊ टाके. तो मुलगा बिचारा रडकुंडीला आला होता. त्याला बोर्ड पायाला बांधायची दोरीसुद्धा कुणी दिली नव्हती. भाड्याने बोर्ड देणाऱ्याने पैसे घेतले आणि समुद्र दाखवला. माझा राग त्या मुलावर नाही. शिकवल्याशिवाय पाण्यात सोडणाऱ्यावर आहे.

आता मी भल्या पहाटे, उजाडायच्या आधीच जाते. नाहीतर जात नाही.

माढा तालुका, तंबू भाड्याने देणारा

सगळे गर्दीला नावं ठेवतायत म्हणून लिहितो. पुण्यात रात्रपाळीची नोकरी करत होतो, ती सोडून गावी आलो. आज माझ्याकडे चौदा तंबू आहेत. आई आणि वहिनी स्वयंपाक करतात, गावातली सहा मुलं शनिवार-रविवार कामाला असतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, गरम गरम गूळ-शेंगाचटणीबरोबर. ज्वारीला बाजारात मिळतो त्याच्या कितीतरी पट भाव शेतकऱ्याला त्या हुरड्यात मिळतो. गर्दी नको म्हणणं शहरातल्या माणसाला परवडतं.

स्पीकरबद्दल मात्र कबूल करतो. मी दहानंतर बंद करतो, शेजारचा करत नाही, मग माझी गिऱ्हाईकं त्याच्याकडे जातात. सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय एकट्याला जमत नाही. दोनदा बैठक बोलावली होती, चार जण आले.

जुळे सोलापूर, शिक्षिका

२०१६ मध्ये आम्ही तिघी मैत्रिणी अशाच एका शांत तळ्याकाठी तंबू टाकून राहिलो होतो. शांतता होती, पण रात्रभर आम्हाला झोप नव्हती. एक मोटरसायकल दोनदा येऊन, दिवे बंद करून थोडा वेळ थांबून गेली. पहाटेपर्यंत आम्ही एकमेकींचे हात धरून बसलो होतो. आता त्याच ठिकाणी कुटुंबं असतात, स्वच्छतागृह आहे, दिवा आहे. माझ्या लेकीला मी तिथे निर्धास्त पाठवते. निर्जन जागा सगळ्यांना सारखीच सुखाची नसते, एवढं या धाग्यात नोंदवून ठेवावंसं वाटलं.

सोलापूर, बँक कर्मचारी

ही माझी चूक आहे आणि पहिल्यांदाच लिहितोय.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक पक्षी आता अपवादानेच दिसतो, पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतावर काळवीट आहेत, चंडोल आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेरही असे तुकडे आहेत, कागदोपत्री 'पडीक' म्हणून नोंदलेले. पवन्या आणि कुसळी गवत गुडघ्यापर्यंत वाढतं, वारा आला की अख्खा माळ हलतो. एका जानेवारीत मला अशाच एका तुकड्यावर लांडग्याची गुहा सापडली. चार पिल्लं. मी लांबून, गाडीतून, फोटो काढले आणि समाजमाध्यमावर टाकले. एका ओळखीच्याने विचारलं, कुठे? मी रस्ता सांगितला, कितवा बंधारा, कितवी चारी, सगळं.

पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या होत्या. कुणी वाट सोडून गवतातून गाडी घातली होती. मादी लांब उभी राहून बघत होती, पिल्लांकडे यायला धजत नव्हती. त्यानंतरच्या रविवारी गुहा रिकामी होती. त्रास झाला की लांडगी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, असं मला जाणकारांनी सांगितलं. चारही हलवली असतील असं मी स्वतःला सांगत आलोय. पण आजूबाजूला मेंढपाळांचे वाडे आहेत, कुत्री आहेत, रस्ता आहे.

ते फोटो मी काढून टाकले. ज्यांनी ठिकाण पुढे पाठवलं त्यांच्याकडे ते अजून असणार.

अक्कलकोट रोड

काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना एकच विनंती. नर उडताना लुकलुकतो, मादी बहुधा खाली गवतात-झुडपात बसून त्याला उत्तर देते. तुमच्या गाडीचे दिवे चालू असले की तो संवादच तुटतो, आणि तुम्ही झाडाखाली चालता तेव्हा ती पायाखाली असू शकते. आम्ही सोलापूरहून एवढ्या लांब गेलो आणि चार तास वाहनांच्या रांगेत काढले. पुन्हा जाणार नाही.

धागा काढणारा

करमाळ्याच्या दादांचं वाचून गप्प झालो. २००९ पासून ज्या काठाला मी "आपली जागा" म्हणत आलो, ती कुणाच्या तरी गाळपेराची असणार, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. रात्री यायचं आणि उजाडायच्या आत निघायचं, म्हणजे आपण कुणाला त्रास दिला नाही, असं मी समजत होतो. गाडी आम्हीही पार पाण्यापर्यंत नेत होतो.

दादा, मेच्या अखेरीस, पाणी चढायच्या आधी, आम्ही दहा-बारा जण काच वेचायला आलो तर चालेल का? पोती आणि हातमोजे आमचे.

करमाळा तालुका, शेतकरी

या की. पहाटं पाचला या, नऊनंतर ऊन सोसायचं न्हाय. जाड तळव्याचं बूट घाला, चप्पल नको. गाडी वस्तीवरच लावा, तिथनं काठ पाऊण किलोमीटर हाय, चालत जाऊ. आन चांदण्याच बघायच्या असतील तर आदल्या रात्रीच या, अमावास्या धरून. वस्तीवरचा बल्ब मी बंद करतो.