पडला तरी आईकडे न येणारा मुलगा

प्रश्न (राजारामपुरीतील एक आई):
माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. धाकटीच्या बाळंतपणात गुंतागुंत झाल्याने मला तीन आठवडे दवाखान्यात राहावे लागले. तेवढे दिवस तो कागलला सासूबाईंकडे होता आणि लहान मुलांना आत सोडत नसल्याने आमची भेट झालीच नाही. पहिले तीन दिवस तो रडला, नंतर अगदी शहाण्यासारखा राहिला, असे सगळे कौतुकाने सांगतात. आता घरी येऊन दोन महिने झाले. परवा रंकाळ्यावर तो पळताना पडला, गुडघ्यातून रक्त आले. मी दोन पावलांवर होते, पण त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही; स्वतःच माती झटकली आणि भेळेच्या गाडीकडे बघत उभा राहिला. याला समंजसपणा म्हणावे, की तो माझ्यापासून तुटला आहे?

उत्तर (बालमानसतज्ज्ञ):
ज्याचे कौतुक झाले, तीच गोष्ट ब्रिटिश संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या सुमारास इंग्लंडमधील रुग्णालयांत आईविना राहणाऱ्या मुलांमध्ये टिपली होती: आधी आक्रोश, मग खिन्नता, शेवटी अलिप्तता. या शेवटच्या टप्प्यात मूल जेवते, खेळते, परिचारिकांशी हसते, म्हणून ते रुळले असे वाटते. आई आली की मात्र तोंड फिरवते. त्याला काही वाटत नाही, असा अर्थ काढू नये. आई परतल्यावर शांत दिसणाऱ्या तान्ह्या मुलांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, हे १९७७च्या अभ्यासात दिसले आहे. दीर्घकाळच्या गंभीर दुर्लक्षातून होणारा आसक्तीचा विकार, म्हणजे कोणाशीच जिव्हाळ्याचे नाते न जुळणे, वेगळा आणि दुर्मीळ. आपण लिहिले आहे त्यावरून तसे वाटत नाही.

उत्तर (अंगणवाडी सेविका, करवीर तालुका):
ताई, तो आजीच्या कुशीत शिरतो का, हाक मारल्यावर वळतो का, आवडलेली वस्तू बोटाने दाखवतो का, हे आधी पाहा. कोणाशीच तसे वागत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून श्रवण आणि विकासाची तपासणी करून घ्यावी. शिरत असेल, तर तुमच्याकडे वळावा म्हणून आजीला तोडू नका. त्याचे एक माणूस आधीच एकदा अचानक नाहीसे झाले आहे.

उत्तर (शिरोळचे एक वडील):
२०१९च्या महापुरात आम्ही मुलीला पंधरा दिवस बहिणीकडे ठेवले होते. परतल्यावर ती अशीच गप्प होती, आणि महिन्याभराने बायको नळावर गेली तरी किंचाळू लागली. आम्ही वैतागलो होतो. आता वाटते, तेव्हाच ती खरी परतली.

प्रश्नकर्ती:
आजीच्या कुशीत शिरतो. रविवारी त्यांना चार दिवस इकडे बोलावले आहे. काल रात्री त्याने गुडघ्याची खपली धाकटीला दाखवली. मी शेजारीच होते, काही बोलले नाही.