घाटवाटांसाठी मोबाइल पुरतो, की बटणांचं जीपीएस यंत्र घ्यावं?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत भीमाशंकरहून गणेश घाटाने खांडसला उतरत होतो. मी, मेहुणा आणि त्याचा कॉलेजातला मुलगा. पदरवाडीच्या पठारावर धुकं असं उतरलं की पुढच्याची सॅक दिसेना. मळलेली वाट समजून जिच्यावरून वीस मिनिटं चाललो ती ढोरवाट निघाली आणि कारवीच्या झुडपांत जाऊन संपली.

मोबाइल काढला तर ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. शर्टाला पुसावं तर शर्टच पिळून काढण्यासारखा. वर पावसाचे थेंब पडले की नकाशा आपोआप सरके, एकदा तर थेट पनवेल दिसायला लागलं. चार्ज ४१ टक्के होता तो अर्ध्या तासात ९ वर आला. पॉवर बँक जोडली, तर पोर्टमध्ये ओल आहे म्हणून मोबाइलने चार्जिंगच नाकारलं. शेवटी गुरांच्या घंटा ऐकून त्या दिशेने गेलो. गुराखी आजोबांनी वाटेला लावलं आणि वर विचारलं, "नकाशा होता ना जवळ?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गार्मिनसारखं हातातलं वेगळं यंत्र घ्यावं का? लेक दिवाळीला न्यू जर्सीहून येतेय, ती आणेल. तिचं म्हणणं, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं घ्या, म्हणजे आईचा जीव टांगणीला लागणार नाही. दोन, घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावर आधी वाट आखून यंत्रात टाकता येते का? तीन, त्या लॅपटॉपला यूएसबीचा जीपीएस लावून गाडीत वापरण्यात काही अर्थ आहे का? वय ५४, चष्मा आहे, बारीक अक्षरं दिसत नाहीत, हेही धरून सांगा.

कारवी

काका, एवढ्यासाठी पैसे घालू नका. मी सहा वर्षं मोबाइलवरच फिरतेय.

तुमचा चार्ज जीपीएसने नाही खाल्ला. सतत पेटलेल्या स्क्रीनने आणि रेंज शोधत बसलेल्या सिमने खाल्ला. फ्लाइट मोड लावा. जीपीएस नुसतं ऐकतं, पाठवत काही नाही, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही चालतं. फक्त खांडसच्या मोकळ्या शेतात उभं राहून आधी ठिकाण पकडू द्या, मग रानात शिरा. नेट बंद असलं की उपग्रहाची माहिती त्याला आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते. डोक्यावर झाडी असेल तर ते अर्धवट राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशांच्या ॲपमध्ये नकाशा घरीच उतरवून ठेवा. ओस्मअँडमध्ये आवाजाच्या बटणांनी नकाशा लहानमोठा करता येतो, ओल्या बोटांवर माझा तोच उतारा. पॉवर बँक आणि वायर झिपच्या पिशवीत, सोबत एक कोरडा रुमाल. कपाटात जुना मोबाइल पडला असेल तर त्यातही तोच नकाशा टाकून सॅकच्या तळाशी बंद करून ठेवा. सिम लागत नाही.

जुनी शीट

कारवीताईंचं बरोबर आहे, पण पावसाळ्यात घाटवाटा करणार असाल तर माझं मत यंत्राच्या बाजूने. तुमचं दुखणं चार्जचं कमी आणि स्पर्शाचं जास्त आहे. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स या यंत्रांना स्पर्शाचा पडदाच नाही, बटणं आहेत. भिजलेल्या बोटांनी काय, हातमोज्यानेही चालतं. दोन एए सेलवर कंपनी २५ तास सांगते आणि सेल संपले तर खिशातले दुसरे घालायचे, पोर्टची ओल वाळायची वाट बघायला नको. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर चार्ज किती उरलाय ते चुकीचं दाखवतं. तोटा एकच. पडदा लहान आहे. चष्मा लागेल.

दोन्ही दिसायला सारखी. ३२एक्सच घ्या. २२ मध्ये होकायंत्र नाही. चालत असताना ते दिशा बरोबर दाखवतं, पण थांबलात की त्याला दिशा कळत नाही. आणि धुक्यात वाट फुटते तिथे आपण नेमके थांबतो, डावीकडे की उजवीकडे म्हणून. तिथे बाण भलतीकडे वळला तर ढोरवाट ठरलेली. ३२ चं होकायंत्र मात्र सेल बदलले की पुन्हा जुळवायचं.

लेकीला सांगा, यंत्र नुसतं जीपीएसचं आण. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं अजिबात नको. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगताच येत नाही. अशी यंत्रं बॅगेत सापडली म्हणून परदेशी पाहुण्यांना विमानतळावर पोलिसांनी ताब्यात घेतलंय. ऐकणारं यंत्र चालतं, बोलणारं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिकडून आणलेल्या यंत्रात आपला नकाशा नसेल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून बनवलेले गार्मिनचे नकाशे फुकट मिळतात, त्यातली आयएमजी (नकाशाची) फाइल मेमरी कार्डात गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची.

आता लॅपटॉप. वाट आखायला उत्तम. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात वाट काढा, तिची जीपीएक्स (वाटेची रेघ साठवणारी) फाइल करा, यंत्रात टाका. पण स्कॅन केलेली जुनी टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, खाली पसरणार असाल तर जपून. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. फरक न जुळवता वाट काढली तर आपल्या भागात ती शंभरेक मीटर सरकते. नकाशावर ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर, पण सह्याद्रीत तेवढ्यात सोंड (डोंगराची उतरती धार) संपून नाळ (कड्यातली अरुंद घळ) सुरू होते. मी एकदा अशी वाट अख्खी रात्र बसून काढली होती. सकाळी ती गूगल अर्थवर टाकली, तर कड्याबाहेर हवेतून चालली होती.

यूएसबी जीपीएस चालतं, पण गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारा एक माणूस जादा लागतो. सोडा.

कारवी

३२ चा मुद्दा मान्य. काका, अजून एक. नेटवरून कोणाचीही जीपीएक्स उतरवून तिच्यावर डोळे मिटून चालू नका. तो गडीही चुकलेला असतो आणि चुकलेला तुकडा कापून न टाकता तसाच चढवतो. रेघ एका जागी गाठोड्यासारखी गुंतलेली दिसली तर समजा, साहेब तिथे वाट शोधत होते. दोन-तीन जणांच्या रेघा एकावर एक टाकून बघा. अरुंद नाळेत मात्र सगळ्यांच्याच वेड्यावाकड्या येतात, कारण सिग्नल कातळावर आपटून येतो. तिथे यंत्रापेक्षा डोळे.

जुनी शीट

उंचीबद्दल राहिलंच. मोबाइलच्या उंचीवर एकदम विश्वास ठेवू नका. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता जीपीएसची कच्ची उंची दाखवतात आणि आपल्या किनारपट्टीवर ती साठेक मीटरने कमी भरते. ३२ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, पण पावसाळी हवेत तो दिवसभरात सरकतो. ठाऊक असलेल्या उंचीवर जुळवून घ्या.

खाडीकाठचा

दोघांचे आभार. लेकीला ३२एक्स सांगितलं. मेसेजवाल्याचं ऐकून ती घाबरली, म्हणाली बरं झालं विचारलंत, मी ऑर्डर करणारच होते. बायकोचं समाधान व्हायचंय अजून. तिला खांडसला पोचल्यावर फोन, हा जुनाच करार पुढे चालू.

तोवर कपाटातला जुना मोबाइल काढला. मागचं झाकण रबरबँडने बांधलंय, पण जीपीएस ठणठणीत. काल संध्याकाळी रेतीबंदरला खाडीच्या कडेला जाऊन उभा राहिलो, पाणी पावलापासून हातभर खाली. एक ॲप म्हणालं उंची ४ मीटर, दुसरं म्हणालं उणे ५८. गळ टाकून बसलेल्या पोराला दाखवलं. त्याने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे.

जुनी शीट, ते डेटम क्यूजीआयएसमध्ये नेमकं कुठे बदलायचं? शीट १ : ५०,००० ची आहे, मेहुण्याच्या वडिलांची, घडीवर फाटलेली.